उतरवलेलं लिंबू

अमडापूरच्या शाळेतून मुलाखतीचा फोन आला, तेव्हा श्रद्धाने सगळ्यात आधी जर काही केलं असेल, तर आरशासमोर उभं राहून दोन्ही खांदे झटकले. फोनवर बोलता बोलता तिने नुसतं डोकं खाजवलं होतं, आणि निळ्या गाऊनवर जे काही सांडलं होतं ते पाहून कुणालाही वाटलं असतं की बाई आत्ताच गिरणीतून दळण घेऊन आली.

जागा एकच होती. आठवी ते दहावीला विज्ञान. सोमवारी सकाळच्या शाळेत, संस्थेच्या मंडळींसमोर, आठवीच्या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवायचा होता. धडा शाळेनेच ठरवून दिला होता, आम्ल आणि आम्लारी. बिट्टी पोटात असताना श्रद्धाने आधीची शाळा सोडली, तेव्हापासून तिला ‘मॅडम’ म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. दूधवाला तिला ‘बिट्टीची मम्मी’ म्हणायचा, गल्ली ‘कुशलची बायको’ म्हणायची, आणि खुद्द कुशल ‘अगं’ एवढ्यावर भागवायचा. बिट्टीवर तिचा जीव होता, त्यात वाद नाही. पण दुपारी पाळण्याला झोका देताना ती कधीकधी हळूच ‘गुड मॉर्निंग मॅडम’ असं स्वतःलाच म्हणून बघायची, वर्गात पोरं म्हणतात तसं, शेवट लांबवून. बिट्टी झोपेत दचकायची, मग श्रद्धा ओशाळून गप्प बसायची.

तर असा सगळा मामला, आणि मधे हा कोंडा.

बाळंतपणानंतर तिचे केस गळत होते ते निराळंच. कंगव्यात, उशीवर, वरणात, बिट्टीच्या मुठीत, जिकडेतिकडे श्रद्धाचे केस. त्याला सासूबाईंचं, म्हणजे जनकाबाईंचं, एक ठरलेलं उत्तर होतं. “लेकरू हसाले लागलं का मायचे केस गयतेच. त्याच्यात काय एवढं.” बिट्टी होती हसरी. कावळा पाहून हसायची, कुकरची शिट्टी ऐकून हसायची, डॉक्टरने सुई टोचली तर आधी रडून मग डॉक्टरकडे बघून हसायची. त्या मानाने श्रद्धाच्या डोक्यावर केस उरलेत हेच नशीब. पण गळलेला केस खाली पडून दिसेनासा होतो. कोंड्याचं तसं नाही, तो खांद्यावर बसून राहतो. आणि मुलाखतीला नेसण्यासारखी साडी एकच, गडद निळी. फिक्कट रंगाची दुसरी होती, तिच्या पदरावर बिट्टीने वरणाची वाटी उपडी केलेली.

“मग तीच नेस. खांद्यावर पीठ, पदरावर वरण, अख्खा स्वयंपाक सोबत,” कुशल म्हणाला. कुशल पतसंस्थेत कारकून होता आणि आपण विनोदी आहोत असा त्याचा समज होता.

उपाय सुचवायला माणसं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप येतात. मुलाखतीची बातमी गल्लीत कुणी पोचवली हे श्रद्धाला कळलंच नाही, पण संध्याकाळी शेजारच्या जयमालाकाकू पदर खोचूनच आल्या.

“लिंबू,” त्या दारातूनच म्हणाल्या. “दुसरं काईच नोको.”

“काकू, दह्यात मिसळून लावतात ना? का खोबरेल तेलात?”

“दह्यात काऊन? ते का कोशिंबीर हाय? निव्वय लिंबू. कापाचं, पियाचं, चोयाचं, अन् उन्हात बसाचं. तांब्याले लिंबू घासलं का कसा लखलख करते? मंग डोकं का तांब्याहून गेलं?”

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे बीएस्सी, बीएड झालेल्या बाईला कळायला हवं होतं. कळलंही होतं. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असतं, ते किती जहाल असतं, आणि डोक्याची कातडी म्हणजे काही तांब्या नव्हे, हे सगळं ती सोमवारी आठवीला शिकवणार होती. पण आपल्याला माहीत असलेली गोष्ट आणि आपल्याला खाजत असलेली गोष्ट या दोन्ही एकाच डोक्यात असल्या, तरी त्यांची एकमेकींशी ओळख असतेच असं नाही. शिवाय जयमालाकाकूंचे केस खरोखरच गुडघ्यापर्यंत होते. ज्याचे केस गुडघ्यापर्यंत, त्याचं म्हणणं खरं, हा नियम कुठल्याही पुस्तकात नसला तरी जगात चालतो.

गुरुवारी दुपारी योग जुळून आला. बिट्टी झोपली. जनकाबाई बालाजीच्या देवळात भजनाला गेल्या. कुशल पतसंस्थेत. अशी दुपार तान्ह्या लेकराच्या आईला कधीतरीच मिळते, आणि त्यात काय काय करायचं याची तिच्या मनात एवढी गर्दी होते, की निम्मा वेळ ठरवण्यातच जातो. श्रद्धाने मात्र वेळ घालवला नाही. तिने फ्रीज उघडला. उन्हाळ्यातली लिंबं, आधीच महाग. खालच्या कप्प्यात एकच सापडलं आणि ते सुकून सुपारीएवढं झालेलं. तिने कांद्याची टोपली पाहिली, देवघर पाहिलं, शेवटी पाण्याच्या माठामागे हात घातला, तर तिथे वाटीत एक लिंबू. पिवळंधम्मक, रसरशीत, पातळ सालीचं. सासूबाईंनी गारव्याला ठेवलं असेल, संध्याकाळी दुसरं आणून ठेवू, असा विचार करून तिने ते कापलं.

रस निघाला तो वाटीभर. तिने भांग पाडून पाडून तो डोक्यात जिरवला, उरलेल्या फोडी कपाळाच्या कडेकडेने चोळल्या, आणि रस ओघळून कानशिलावर, मानेवर आला तरी पुसला नाही. काकूंनी पुसायचं सांगितलं नव्हतं. फोडींची सालं टाकवेनात. सासूबाईंची लिंबाच्या लोणच्याची बरणी फळीवर होती, तिच्यात सालं बारीक चिरून टाकली, वर चिमूटभर मीठ. तिला फार सुगरण असल्यासारखं वाटलं.

मग गच्ची. गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या, म्हणजे बसलं तरी काम चालू आहे असं दिसणार होतं. चैत्राचं मेहकरातलं ऊन, त्यात दुपारचं. डोकं आधी गार वाटलं, मग चुरचुरलं, मग आग व्हायला लागली. आग होते म्हणजे गुण येतो, असं तिने मनाला सांगितलं. हे वाक्य तिच्या आईचं. आईने ते गुडघ्याला लावायच्या मलमाबद्दल म्हटलं होतं, पण वेळेला माणूस कुठलंही वाक्य कुठेही लावतं. ती कावळे हाकलत, मनात पाठाची तयारी करत बसली. “मुलांनो, आम्ल चवीला आंबट असतं,” असं ती कुरडयांना सांगत होती. खाली बिट्टी उठल्याचा आवाज आला तेव्हा कुठे ती उठली, आणि आधी डोकं, कपाळ, हात खसखसून धुऊन मगच तिने बिट्टीला घेतलं. एवढी एक अक्कल तिला त्या दुपारी सुचली, आणि पुढे दोन दिवसांनी त्या अकलेचे तिने किती आभार मानले हे तिचं तिलाच माहीत.

दिवेलागणीला जनकाबाई देवळातून आल्या, पाय धुतले, आणि थेट माठामागे गेल्या.

“श्रद्धा, अटीसा माठामांगं एक लिंबू होतं वं.”

“हो आई, ते मी घेतलं. उद्या आणते दुसरं.”

“घेतलं म्हंजे?”

“डोक्याला लावलं. कोंड्यासाठी.”

जनकाबाई हळूच खाली बसल्या. पाटावर बसायच्या त्या नुसत्या फरशीवर बसल्या, यावरून श्रद्धाला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

“अवं बाई,” त्या म्हणाल्या, “ते तुह्यावरून उतरवलेलं लिंबू होतं.”

उलगडा झाला तो असा. मुलाखतीची बातमी गल्लीभर झाली. आता कुणाची ना कुणाची नजर लागणार. म्हणून सकाळी सूनबाई गाढ झोपलेली असताना जनकाबाईंनी ते लिंबू तिच्यावरून सात वेळा उतरवलं, तोंडाने आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची सगळ्यांची दृष्ट काढली, आणि लिंबू माठामागे झाकून ठेवलं. तिन्हीसांजेला तिठ्यावर टाकायचं, मागे वळून पाहायचं नाही, म्हणजे नजर तिथेच राहते, असा रिवाज. त्यांनी गल्लीभराची नजर काढून एका लिंबात गोळा केली, आणि सुनेने ती पिळून परत डोक्यावर चोळून घेतली. वर उन्हात वाळवली.

“फोडी कुठं टाकल्या?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

श्रद्धाने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. जनकाबाईंनीही पाहिलं. त्या बरणीत मागच्या वर्षीचं लोणचं होतं, मुरून मुरून काळंभोर झालेलं, जे त्या पाहुण्यांनाही मोजूनमापून वाढत.

रात्रीचं जेवण राहिलं बाजूला, आणि ओसरीवर न्यायालय बसलं. जयमालाकाकूंना बोलवावं लागलं नाही.

“माह्यावर येऊ नोका,” त्या आल्या आल्या म्हणाल्या. “म्या लिंबू सांगतलं होतं. उतरवलेलं लिंबू नोतं सांगतलं.”

“आता होईल काय, ते सांगा,” जनकाबाई म्हणाल्या.

“ज्याच्यावरून उतरवलं त्याच्याच डोक्यात गेलं. म्हंजे गेलेलं वापस आलं.”

“मग बरोबर झालं ना,” कुशल म्हणाला. “जमा तेवढाच खर्च. ना नफा ना तोटा.”

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिट्टीला घेऊन आतल्या खोलीत पाहणी करायला गेला. शेवटी ठरलं की दुसरं लिंबू आणून पहिल्या लिंबाची नजर उतरवायची. कुशलला पिटाळला. बाजार उठला होता. तो बराच वेळ फिरून आला आणि त्याने पिशवीतून एक मोसंबी काढून पाटावर ठेवली.

“हे काय?”

“लिंबू नाही मिळालं. हे त्याच्याच भावकीतलं आहे.”

“मोसंबीनं कुठं नजर उतरते का बे,” जनकाबाई म्हणाल्या. पण टाकवली नाही. सकाळी बिट्टीला तिचा रस पाजला. लोणच्याची बरणी मात्र फळीवरून उतरवून गॅलरीत, घराबाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवण्यात आली. आणि त्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक लिंबू आधी सासूबाईंच्या ताब्यात जाऊ लागलं. श्रद्धाला या सगळ्याचा राग आला होता, हसूही येत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसतो; ती ठेवतही नव्हती. फक्त त्या रात्री तिने डोक्यावरून पुन्हा एकदा पाणी घेतलं, ते आपलं उकडत होतं म्हणून.

शनिवारी सकाळी ती आरशासमोर गेली आणि जागच्या जागी थिजली. कपाळाच्या कडेने, जिथे जिथे फोडी फिरल्या होत्या, तिथे तांबूस-काळपट पट्टा उमटला होता. कानशिलावरून ओघळलेल्या रसाची वाट जशीच्या तशी रंगलेली, थेट मानेपर्यंत. पावसाळ्यात भिंतीला ओल उतरते ना, हुबेहूब तशी.

“पाहा,” जनकाबाई एवढंच म्हणाल्या. त्यात विजय नव्हता, भीती होती, आणि म्हणूनच ते श्रद्धाला जास्त लागलं.

जयमालाकाकू आल्या, पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही उपाय सुचला नाही. त्यांनी नुसती आपल्या पावडरीची डबी काढून ठेवली. ती लावून पाहिली तर डाग झाकले गेले, पण श्रद्धा तमाशातल्या राजासारखी दिसायला लागली.

आता मुलाखत गेली, हे श्रद्धाने मनाशी धरलंच. पण त्याहून वाईट विचार मागून आला. गुरुवारपासून बिट्टी तिच्या गळ्यात गळा घालून झोपत होती, गालाला गाल लावत होती. तिने बिट्टीला उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं, कपडे काढले, आणि काखा, मान, वळ्यांच्या आतल्या फटी, कानामागे, सगळं इंचाइंचाने पाहिलं. बिट्टीला गुदगुल्या झाल्या. ती खदखदून हसत राहिली. कुठे काही नव्हतं. तरी श्रद्धाने सगळं पुन्हा एकदा पाहिलं.

शेखर डॉक्टरांकडे तसंही जायचंच होतं, कारण शाळेने तंदुरुस्तीचा दाखला मागितला होता. दाखला आणायला निघालेलं माणूस निदान तंदुरुस्त तरी दिसावं, हा विचार तिला रिक्षात बसल्यावर आला. सोबत सासूबाई, त्यांच्या मांडीवर बिट्टी.

डॉक्टरांनी कपाळ पाहिलं, मान पाहिली, आणि चष्मा वर केला. “लिंबू लावून उन्हात बसल्या होत्या?”

श्रद्धा चाटच पडली. “तुम्हाला कसं कळलं?”

“दर उन्हाळ्यात दोघीतिघी येतात. लिंबाचा रस कातडीवर राहिला अन् वरून ऊन लागलं, का असंच भाजते. लगेच नाही दिसत, दीड-दोन दिवसांनी दिसते. जाईल हळूहळू, काही आठवडे लागतील. उन्हात डोकं झाकून निघा. कोंड्याला औषधी शाम्पू देतो, तो लावा. लिंबू वरणावर पिळा, डोक्यावर नाही.”

“अन् बाळाला? ती जवळ असते.”

“लावल्यावर हात धुऊन मग बाळाला घेतलं होतं?”

“हो. डोकं, हात, सगळं धुऊन.”

“मग तिचं काय. ती तर हसून राह्यली.”

श्रद्धाने श्वास सोडला, तो बहुधा सकाळपासूनचा होता. जनकाबाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

“डॉक्टरसाहेब, लिंबू उतरवलेलं असलं तं?”

डॉक्टरांनी एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. मेहकरात इतकी वर्षं दवाखाना चालवलेला माणूस. तो गडबडला नाही. “उतरवलेलं असो का नसो, बाई, उन्हात बसाले नाही पायजे होतं,” ते म्हणाले. जनकाबाईंचं समाधान झालं. हे उत्तर कुणालाच खोटं पाडत नव्हतं.

“अन् केस?” श्रद्धाने जाता जाता विचारलं. “गळतात त्यांचं?”

“बाळंतपणानंतर गळतातच. आपोआप थांबतात, आपोआप येतात. हे पाहा ना, कपाळाजवळ बारीक बारीक नवे निघून राह्यले.”

तिने चाचपून पाहिलं. खरंच होते, बिट्टीच्या जावळासारखे मऊ.

दाखला लिहिताना डॉक्टर थांबले. शाळेच्या नमुन्यात ‘त्वचाविकार असल्यास’ असा एक रकाना होता, आणि डॉक्टर नियमाचे पक्के. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘कपाळावर व मानेवर दिसणारे डाग लिंबाचे असून संसर्गजन्य नाहीत.’

“डॉक्टर, हे लिहायलाच पाहिजे का?”

“कपाळावर दिसूनच राह्यलं. नाही लिहिलं, तर ते म्हणतील डॉक्टर आंधळा आहे.”

सोमवारी पहाटेच्या एसटीने तिघी निघाल्या. बिट्टी अंगावर पीत असल्याने तिला मागे ठेवणं शक्य नव्हतं, आणि बिट्टीला सांभाळायला जनकाबाई. श्रद्धाने निळी साडी नेसली होती. शाम्पूने कोंडा बराच आवरला होता. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं तो खांदा आता स्वच्छ होता, आणि सगळ्यांच्या नजरा कपाळावर. जनकाबाईंनी आपला हातातला कापडी बटवा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता, आणि श्रद्धाने विचारल्यावर “औषध हाय माहं” म्हणून सांगितलं.

शाळेच्या आवारात कडुलिंब होता. त्याच्या सावलीत सासू आणि लेक बसल्या, श्रद्धा आत गेली.

संस्थेचे अध्यक्ष सहदेवभाऊ होते, पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, आणि कुठलाही कागद मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी पदवी मोठ्याने वाचली, बीएड मोठ्याने वाचलं, आणि मग दाखला हातात घेतला. श्रद्धाने डोळे मिटून घेतले.

“‘डाग लिंबाचे असून संसर्गजन्य नाहीत.’” सहदेवभाऊंनी कागद उलटा करून मागे काही खुलासा आहे का ते पाहिलं. “लिंबाचे म्हंजे?”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. बाकी मंडळी टेबलाकडे.

“लिंबू लावलं होतं, साहेब. केसांना,” श्रद्धा म्हणाली. तिच्या आवाजातली बीएस्सी कुठेतरी हरवली होती.

“हं,” सहदेवभाऊ म्हणाले. “घ्या, पाठ घ्या.”

दैवाने तिथेही पाठ सोडली नव्हती. प्रयोगशाळेतला लिटमस कागद आणि आम्लाच्या बाटल्या मिळतील, असं फोनवर कबूल झालं होतं. पण प्रयोगशाळेला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते सर भाच्याच्या लग्नाला गेलेले. घरून लिंबू आणावं तर घरात लिंबांवर पहारा. श्रद्धाच्या हातात खडू होता, आणि खांद्याला अडकवलेली पिशवी, जिच्यात दुपटी, झबली आणि बिट्टीचा अंग धुवायचा साबण.

ती फळ्यावर धड्याचं नाव लिहून वळली. मागच्या बाकावर मंडळी वह्या उघडून बसलेली. पुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी, राखी तिचं नाव, एकटक कपाळाकडे बघत होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही.

“मॅडम, तुमच्या कपायाले काय झालं?”

श्रद्धाने डाग झाकायला नकळत हात वर नेला, आणि मधेच थांबली. एक तर लाज वाटून घ्यायची, नाही तर शिकवायचं; दोन्ही एका तासात बसणार नव्हतं. शिवाय त्या मुलीने तिला ‘मॅडम’ म्हटलं होतं.

“आम्ल झालं,” ती म्हणाली. “सांगते.”

आणि तिने सगळं सांगितलं. कोंडा, जयमालाकाकू (नाव न घेता), तांब्या, ऊन, कुरडया. पोरं आधी दबकून हसली, मग मोकळी हसली. “माही मोठी माय बी लावते, मॅडम.” “आमच्या घरी तं दह्यात लावते.” तांब्याला जे चालतं ते कातडीला का चालत नाही, यावर राखीने असं काही उत्तर दिलं की मुख्याध्यापकांनी वहीत लिहून घेतलं. मग श्रद्धाने पिशवीतून बिट्टीचं लाळेरं काढलं. त्यावर वरणाचा पिवळाजर्द डाग.

“हा हळदीचा डाग. घरी साबण लावला की काय होतं याचं?”

“लाल होते,” सगळ्या मुली एकदम म्हणाल्या. मुलगे गप्प, त्यांनी कधी कपडे धुतले नव्हते.

तिने पाण्याची बाटली उपडी केली, साबण घासला. डाग लालभडक झाला. “साबण आम्लारी आहे, हळद ते ओळखते. आता आम्ल घातलं की हा परत पिवळा होईल. पण त्याला लिंबू पाहिजे.”

वर्गात लिंबू कुणाकडे असणार. श्रद्धा खिडकीशी गेली. कडुलिंबाखाली जनकाबाई बिट्टीला खेळवत होत्या आणि दुसऱ्या हाताने बटवा घट्ट धरून होत्या. तो बटवा श्रद्धाने दोन क्षण पाहिला, आणि तिला एकदम सगळं उमगलं.

“आई,” तिने हाक मारली, “बटव्यात लिंबू आहे ना?”

जनकाबाई खिडकीपाशी आल्या. “हाय. पण ते नाई देता येत. पहाटे तुह्यावरून उतरवलं. इथल्या तिठ्यावर टाकीन म्हणून आणलं.”

“मला आत्ता पाहिजे, आई. पाठ अर्धा राहिलाय.”

“अवं, पुन्हा तेच करशील का?”

“डोक्याला नाही लावत. लाळेऱ्याला लावते.”

जनकाबाईंनी आत पाहिलं. पंचेचाळीस पोरं मान उंच करून बघत होती, मागे साहेबलोक. सुनेचं डागाळलेलं कपाळ, हातात नातीचं लाळेरं. त्यांची लढाई चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. इकडे रिवाज, तिकडे नोकरी. आणि गंमत म्हणजे रिवाजही नोकरीसाठीच केलेला. त्यांनी बटव्याची दोरी सोडली.

“घे. पिय,” त्या म्हणाल्या. “पण साल मले वापस दे.”

श्रद्धाने लिंबू पिळलं. लाल डाग पोरांच्या डोळ्यांदेखत कडेकडेने पिवळा होत गेला. पोरांनी बाकांवर हात आपटले. सहदेवभाऊ मागून उठून पुढे आले, लाळेरं हातात घेऊन पाहिलं.

“लग्नाकार्यात वरण सांडते, घरी धुतलं का लाल होते,” ते मोठ्याने म्हणाले. “इतकी वर्सं मले वाटे, आमची बायको कपडे धड धूत नाई.”

खिडकीशी उभ्या जनकाबाईंना प्रयोगाचा निराळाच अर्थ लागला होता. लाल ती नजर, ती गेली, आणि कापड पिवळं झालं, म्हणजे हळद लागली, शुभच. श्रद्धाने तो अर्थ दुरुस्त केला नाही. तासात तेवढा वेळ नव्हता.

बाकीची कागदपत्रं, सह्या वगैरे व्हायला दुपार झाली. निरोप द्यायला सहदेवभाऊ पायरीपर्यंत आले. “शाळा उघडली का जूनमधी या, मॅडम,” ते म्हणाले. “अन् ते डाग लिंबाचे, ते जाईन ना तोवर?”

“जातील, साहेब.”

कडुलिंबाखाली जनकाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरीवर लिंबाचं लोणचं होतं, काळंभोर. श्रद्धाने आधी लोणच्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं.

“मीठ लागलं का काई राहत नाई त्याच्यात,” जनकाबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. “अन् वर्षाचं लोणचं हाय, फेकू का मंग?”

पोटभर जेवून तिघी स्टँडकडे निघाल्या. वाटेत तिठा लागला. जनकाबाईंनी बटव्यातून पिळलेल्या फोडी काढल्या, पुटपुटल्या, रस्त्याच्या मधोमध टाकल्या, आणि सुनेचा दंड धरला. “चाल आता. मांगं पाहाचं नाई.”

श्रद्धाने मागे पाहिलं नाही. आम्लापासून जरा अंतर राखलेलं बरं, एवढंच. पण बिट्टी तिच्या खांद्यावर होती, आणि खांद्यावरच्या लेकराला मागेच दिसतं. ती मान वळवून वळवून त्या पिवळ्या फोडींकडे बघत होती, आणि नव्याने उगवलेले मऊ केस मुठीत धरून खदखदून हसत होती.

“हसून राह्यली पाहा,” जनकाबाई समोर बघतच म्हणाल्या. “आता आणखी गयतीन तुहे केस.”

“गळू द्या,” श्रद्धा म्हणाली, आणि लेकीला जरा वर सरकवून घेतलं.